चार्लीची पत्रं खरी नाहीत, आणि चार्ली मरत नाही

'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' ही चार्ली नावाच्या एका अमेरिकन मुलाची खरी पत्रं आहेत, त्याच्या आत्महत्येनंतर ती सापडली आणि छापली गेली, असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ही स्टीफन चबॉस्की यांची कादंबरी आहे, १९९९ साली आलेली. २०१२चा सिनेमाही त्यांनीच लिहून दिग्दर्शित केला.

गैरसमज होणं स्वाभाविक आहे. पहिल्याच पत्रावर २५ ऑगस्ट १९९१ ही तारीख आहे, आणि आपल्याला कुणी शोधू नये म्हणून नावं बदलतोय, असं चार्ली त्यात सांगतो. वाचताना कुणाचं तरी खाजगी पत्र हाती लागल्यासारखं वाटतं. ती लेखकाची हातोटी.

आत्महत्या करतो तो चार्लीचा मित्र मायकल, तीही गोष्ट सुरू होण्याआधी. चार्ली जगतो. लहानपणच्या लैंगिक अत्याचाराची आठवण वर येते, तो कोलमडतो, दोन महिने हॉस्पिटलात उपचार घेतो आणि घरी परततो. शेवटच्या पत्रात तो पुन्हा सॅम आणि पॅट्रिक या आपल्या दोस्तांबरोबर गाडीतून भटकायला निघालेला दिसतो. पुस्तकाचा सगळा जीव या सावरण्यात आहे, आणि मेसेजने नेमकं तेच पुसून टाकलंय. हे पुस्तक जवळचं मानणारी पुष्कळ मुलं स्वतःच अबोल, आतून त्रासलेली असतात. त्यांच्यापर्यंत हा खोटा शेवट पोहोचू नये.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका. मनावर ताण असलेल्या कुणालाही बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे.