पासाऊची भिंत आणि आमचा फॅमिली ग्रुप

कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा विषय निघाला की आमचा फॅमिली ग्रुप दोन दिवस झोपत नाही. परवाही तेच. कर्नाटक धरणाची पातळी ५१९.६० वरनं ५२४.२५६ मीटरवर नेणार, मग सांगली बुडालीच समजा, असं चुलतभावानं टाकलं आणि खाली लालबुंद चेहऱ्यांची रांग. मी म्युनिकमधनं लिहिलं, बाबांनो, पुराचा अभ्यास करायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० सालीच सांगितलंय की २०१९ च्या पुराला अलमट्टी कारण नाही, पाऊस तसा झाला आणि नदीच्या जागेत आपणच घरं बांधली, ते आधी बघा. त्यावर त्याचं एकच वाक्य, "तिथं बसून बोलायला तुझं काय जातंय दादा."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. दर वेळी तेच. मी काय गाव सोडलं म्हणून नदी पण सोडली का?

तर तो राग डोक्यात घेऊनच रविवारी पासाऊला गेलो, इथलंच तीन नद्यांच्या संगमावरचं जुनं गाव. डॉइशलांड-टिकेट, म्हणजे लोकल गाड्यांचा महिन्याचा पास, आहेच, घरात बसून पोरं मोबाईल बघणार, त्यापेक्षा बरं. सव्वादोन तास, त्यात प्लाटलिंगला गाडी उगाच थांबून राहिली. गाव छान आहे, म्हणजे छानच आहे, १६६२ च्या आगीत जळालं आणि मग इटालियन कारागिरांनी परत उभं केलं. कॅथेड्रलमधला ऑर्गन १७,९७४ पाइपांचा, पण रविवारी दुपारची मैफल नसते, त्यामुळे नुसते पाइप बघून बाहेर आलो.

मला बघायचा होता संगम. जुनं गाव म्हणजे डोनाऊ (आपण डॅन्यूब म्हणतो ती) आणि इन या नद्यांच्या मधली चिंचोळी जिभेसारखी जागा, आणि टोकाला पलीकडनं इल्त्स ही तिसरी नदी येऊन मिळते. इल्त्स काळपट, दलदलीतनं येते म्हणून, इन आल्प्सच्या बर्फाची, राखाडी हिरवी, आणि डोनाऊ या दोघींच्या मधे कुठंतरी. सरासरी धरली तर पाणी इनच जास्त आणते, तरी पुढं नाव चालतं डोनाऊचंच. (घरोघरी मातीच्या चुली.) पोरगीनं विचारलं, आपल्या नदीचा रंग कुठला. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथं दोन रंग दिसल्याचं मला तरी आठवत नाही, पावसाळ्यात दोन्हीकडनं चहाच येतो. तसंच सांगितलं.

मग राटहाऊसची, म्हणजे नगरपालिकेची, भिंत. टॉवरच्या खाली पुराच्या खुणा कोरल्यात, आडवी रेघ आणि साल. सगळ्यात वर १५०१, त्याच्या जरा खाली २०१३, त्याखाली १९५४. मी हात वर करून बघितला, २०१३ ची रेघ लईच वर. १२.८९ मीटर. लगेच मनात फुटात केलं, बेचाळीस. आणि खरं सांगतो, क्षणभर छाती फुगली, कारण २०१९ ला आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी सत्तावन्न फूट झालं होतं! पाणी मोजायच्या पट्टीचा शून्य प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, ही तुलना फालतू आहे, हे मला कळतं. तरी फुगली.

फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली भलामोठा मेसेज. बघा, पाचशे वर्षांपूर्वीचा पूर यांनी भिंतीवर लिहून ठेवलाय, लोक रोज समोरनं जातात, विसरायची सोयच नाही, आणि आपल्याकडं पाणी ओसरलं की तिसऱ्या महिन्यात ब्लू लाइनमध्ये, म्हणजे पूररेषेच्या आत, नवा स्लॅब. लिहिताना मजा येत होती, खोटं कशाला बोला.

पाच मिनिटांत चुलतभावाचं उत्तर, "फोटोत मागं बघ की. घरं तर थेट नदीतच बांधलीत यांनी. आणि तुझा शामरावनगरचा प्लॉट?"

बघितलं. खरंच की. सगळं जुनं गावच पाण्याच्या तोंडावर, नाक्यावरचं दुकान डोनाऊपासनं चार पावलांवर. प्लॉटही पुराच्या पट्ट्यातलाच, त्यावर काही बोललो नाही, स्वस्त होता म्हणून घेतला होता. अंगठा देऊन फोन खिशात टाकला आणि पोरांना आईसक्रीम घेतलं.

चिडायला मला तोंडही नाही तसं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागातल्या घरातनं आईला बोटीत बसवलं ते या चुलतभावानंच, तिची औषधांची पिशवी डोक्यावर धरून. मी इकडं ऑफिसच्या किचनमध्ये उभा राहून आयर्विनचे फूट रिफ्रेश करत होतो आणि जर्मन कलीगला कृष्णा म्हणजे किती मोठी नदी ते समजावत होतो.

परतीच्या गाडीत आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, आपल्या घरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ती रेघ दाखव की.

"कुठली रेघ? तूच पैसे पाठवलेस ना रंगवून घे म्हणून, कळकट दिसतंय म्हणालास."

मग तीच उठली, फोन एका हातात, दुसरा हात सोप्याच्या भिंतीवर ठेवला. "इथं असंल. नाही, थांब, जरा वर." पिवळ्या डिस्टेंपरवर हात वर सरकत गेला, खुंटीच्याही वर, आणि मग लांडशूटच्या आधी रेंज गेली.