कात्रजचं पाणी कुणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कात्रजहून पुण्याला पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळावरचा माझा लेख वाचून तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. उतारावरून पाणी आपोआप येतं, त्यात करामत कसली, हा पहिला. आणि ज्या पाण्याला अस्पृश्यांनी हात लावायचा नाही, त्याचं कौतुक कशाला, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही. दुसरा मान्य आहे, आणि तो लागलाही.

आधी उताराचं बोलू. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, आंबिल ओढ्याचं पाणी कात्रजला अडवून जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. अंतर सुमारे आठ किलोमीटर. उतार जास्त झाला तर पाण्याचा जोर चुन्याच्या दरजा खातो. कमी पडला तर गाळ बसतो आणि नळ तुंबतो. वरची जमीन चढती-उतरती, पंप नाही, वीज नाही. तरी खालचा उतार सगळ्या वाटेवर राखायचा. मध्ये ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी तोंडं, ठेवले, म्हणजे हवा खेळते आणि गाळ काढायला माणूस आत उतरू शकतो. बांधतानाच दुरुस्तीचा विचार केला होता, मला सगळ्यांत जास्त अप्रूप त्याचंच. ही विद्या गवंड्यांची, पाथरवटांची. कौतुक काढून घेतलंत तर आधी त्यांचंच जाईल. माझ्या लेखात त्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता, ही चूक माझी.

आता पाणी कुणाचं? नळाचं पाणी पेठांमधल्या हौदांत यायचं. हौद उघडा असतो, प्रत्येकाची घागर त्याच पाण्यात बुडते. विटाळ मानणाऱ्या समाजात हौद बांधला की कुणाला अडवायचं हेही त्याच्याबरोबर ठरतं. म्हणून १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना पुण्याच्या पाण्याच्या इतिहासातलीच आहे. समाजसुधारणेच्या प्रकरणात तिला वेगळी ठेवून भागत नाही. जोतीराव बांधकामाचे कंत्राटदारही होते आणि १८७६ ते १८८३ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. दगड-चुन्याचा व्यवहार त्यांना आतून ठाऊक होता.

तुमचं वाचून आजी आठवली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याच्या धरणालाही खिंडार पडलं, शहराचे नळ बंद झाले. तेव्हा तिने वाड्यातल्या आडाचं पाणी शेंदलं. ही गोष्ट मी लहानपणापासून अभिमानाने सांगत आलो. त्या आडावर कुणाकुणाला येता यायचं, हे तिला एकदाही विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

लेखात ‘साऱ्या पुण्याला पाणी मिळालं’ असं एक वाक्य होतं. ते आज काढलं. त्या जागी आता आहे: ‘पेठांमधल्या हौदांना पाणी आलं; ते कुणी भरायचं, हे जात ठरवत होती.’