दीड किलो आणि वरवंटा

मी माउथ ऑर्गन वाजवतो. पेटीवाल्याला पेटी उचलावी लागते, तबलजीला दोन-दोन डाग सांभाळावे लागतात. मी वाद्य शर्टाच्या खिशात टाकून हात हलवत मैफलीला जायचो आणि तसाच परत यायचो. हा माज चाळीस वर्षं टिकला. मग निवृत्तीच्या दिवशी मुलाने मला ॲम्प्लिफायर भेट दिला.

"बाबा, बॅटरीवर चालतो. कुठेही ठेवा आणि वाजवा!"

'कुठेही ठेवा' हे खरं होतं. कुठेही *न्या* असं तो म्हणाला नव्हता. ॲम्प्लिफायर अकरा किलोचा, वाद्य शंभर-सव्वाशे ग्रॅमचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही खांद्यावर.

तरी दर रविवारी सकाळी राजेंद्रनगरहून ते धूड ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवून मी राजवाड्यासमोर जायचो. इंदूरची जनता त्या वेळी पोहे-जलेबीच्या शोधात असते, त्यामुळे श्रोते आपोआप मिळतात. टोपीत पैसे पडायचे. एकदा अर्धी जलेबी पडली. जुनी गाणी वाजवता वाजवता मला वाटू लागलं होतं की नोकरी उगीच केली.

पावसाळ्याचे तीन महिने ॲम्प्लिफायर कपाटावर पडून होता. गणपतीत उतरवला, तर बॅटरी ढिम्म. मला कुणी सांगितलं नव्हतं की शिशाची बॅटरी अर्धपोटी ठेवून दिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती कितीही चार्ज करा, धड भरत नाही. त्याच सुमारास हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या खांद्याचा फोटो उजेडात धरून विचारलं, "हमाली करता का?" मी म्हटलं, "नाही, कला." त्यांनी दोन्हीला एकच औषध लिहून दिलं.

तेव्हा ठरवलं, बॅटरी बदलायचीच आहे तर हलकी घ्यायची.

महाराणी रोडवर दुकानदाराने जुनी बॅटरी हातात तोलली. "भिया, ये तो यूपीएस वाली है, बारा वोल्ट सात एएच." एएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. आणि यूपीएसवाली म्हणजे जी बॅटरी घरोघरी संगणकाखाली धूळ खात बसलेली असते, तीच मी इतके दिवस शहरभर फिरवत होतो. काट्यावर ठेवली. सव्वादोन किलो. मग त्याने तंतोतंत तेवढ्याच आकाराचा एक डबा समोर ठेवला. लिथियम लोह-फॉस्फेट, सहा एएच, पाऊण किलो. मी उचलला तर हात झटक्यात वर गेला. रिकामी बादली भरलेली समजून उचलावी तसा.

"आत काही आहे ना?" मी विचारलं.

"माल है, भिया. सिर्फ वजन नहीं है."

सात गेले आणि सहाच आले, हा माझा हिशेबी आक्षेप त्याने हाताने उडवला. शिशाच्या बॅटरीतले सात कागदावरचे. निम्म्याखाली पिळली तर तिचं आयुष्य घटतं. हिच्यातले जवळजवळ सगळे वापरता येतात. ॲम्प्लिफायरच्या चार्जरला मीटर लावून तो म्हणाला, "चौदा पॉइंट चार. चलेगा." हलक्या बॅटरीचे पैसे मात्र भारी होते. जुनीचे त्याने वजनावर थोडे वळते केले. त्या सव्वादोन किलोंची आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी किंमत केली.

घरी आल्यावर मी या प्रकरणाचा अभ्यास केला. शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थाने 1859 साली केली. म्हणजे मी खांद्यावरून जे वाहत होतो ते सत्तावनच्या उठावाच्या आसपासचं होतं. ही नवी लोह-फॉस्फेटवाली 1990च्या दशकात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून आली. त्यांना लिथियम बॅटऱ्यांच्या कामासाठी 2019 साली, वयाच्या 97व्या वर्षी, नोबेल मिळालं. आडनाव गुडइनफ, मराठीत 'चालेल'. महाराणी रोडवरचा माणूसही 'चलेगा' म्हणाला होता. मी याला शुभशकुन समजलो.

पहिला आठवडा सुखाचा गेला. खांदा गप्प होता. मग एका रविवारी एका छोट्या मुलाने ॲम्प्लिफायरला नुसतं बोट लावलं आणि तो तोंडावर आपटला. कारण साधं होतं. बॅटरी तळाशी असते. ते सव्वादोन किलो नुसती वीज देत नव्हते, बूड धरून बसले होते. जुन्या घरात आजोबा काही करत नाहीत असं वाटतं, पण ते ओट्यावर बसलेले असतात म्हणून कुत्रं आत येत नाही, तसं काहीसं.

म्हणजे तळाशी दीड किलो वजन घालणं आलं. वीट ठेवली तर ती आत खडखडू लागली, माझ्या प्रत्येक गाण्याला झांजा लागल्या. तांदळाची पिशवी ठेवली, तिला मुंग्या लागल्या. शेवटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सासूबाईंच्या काळातला वरवंटा दिसला. मिक्सर आल्यापासून तो निवृत्तच होता, माझ्यासारखा. जुन्या बनियनमध्ये गुंडाळून बॅटरीशेजारी कोंबला. काय फिट बसला! वजनही केलं. एक किलो सहाशे. म्हणजे डॉक्टर, लिथियम आणि नोबेल एवढं सगळं होऊन ॲम्प्लिफायर आधीपेक्षा शंभर ग्रॅमने जड झाला होता. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

पण खरा घात अजून व्हायचा होता.

जुनी बॅटरी संपायची ती मराठी पाहुण्यासारखी. "येतो बरं का" म्हणायची आणि दारात अर्धा तास उभी राहायची. आधी दिवा हिरव्याचा पिवळा, मग पिवळ्याचा लाल, मग आवाज बसायचा, सूर फाटायचा. तेवढ्यात माझी आणखी दोन गाणी उरकायची. नवीचं तसं नाही. ही शेवटच्या घोटापर्यंत तेरा व्होल्टच्या आसपासच ताठ उभी असते आणि ॲम्प्लिफायरचा दिवा शिशाच्या हिशेबाने बघतो. त्याला हा दाब म्हणजे पोट तुडुंब भरल्याचं लक्षण वाटतं. त्यामुळे दिवा हिरवा, हिरवा, हिरवाच, आणि मग एकदम अंधार. जेवताजेवता पाहुणा पानावरून उठून, हात न धुता, चप्पल घालून निघून गेला.

हे झालं तेव्हा समोर पन्नासेक माणसं होती आणि मी अंतऱ्याच्या वरच्या सुरावर होतो. स्पीकर मेला. माझ्या तोंडाशी डास गुणगुणावा तसा खरा माउथ ऑर्गन तेवढा ऐकू येत राहिला.

इंदुरात रस्त्यावर काही बंद पडलं की ते दुरुस्त करणारे पाच मिनिटांत दहा जमतात, हातात पोह्याचा द्रोण घेऊन. "भिया, वायर ढीला होगा." "फ्यूज देखो." "पोलारिटी उल्टी है." एकाने मागचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि बनियनमधला वरवंटा बाहेर काढला. क्षणभर सगळे गप्प. मग एका आजोबांनी जिरावण मसाला भुरभुरवलेला घास गिळत अत्यंत आदराने विचारलं, "ये ट्रांसफॉर्मर है?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन चार्जर लावला, तर चार्जरही ढिम्म. फोनवर दुकानदाराने उलगडा केला. बॅटरीच्या पोटात एक पहारेकरी सर्किट असतं. फार उपसलं की ते दार लावून घेतं. बाहेरून मोजलं तर व्होल्ट शून्य. आणि माझा हुशार चार्जर आधी बॅटरी आहे का बघतो, शून्य दिसलं की म्हणतो, बॅटरीच नाही तर भरू कुणाला? पहिलं खातं उघडायला गेलो होतो तेव्हा मागच्या खात्याचं पासबुक मागणारा एक कारकून मला भेटला होता. त्याची फार आठवण झाली.

दुकानात त्याने दोन वायरी घेतल्या, एक भरलेली शिशाची बॅटरी काढली आणि लाल ते लाल, काळा ते काळा असं हिच्याशी दोन-चार सेकंद जोडलं. पहारेकरी जागा झाला, चार्जरला व्होल्ट दिसले, काम सुरू. त्या भरलेल्या बॅटरीकडे मी नीट पाहिलं. तीच. सव्वादोन किलोंची. माझी नसेल, पण तिच्याच घराण्यातली.

"एक रख लो साथ में, इमर्जन्सी के लिए," तो म्हणाला. मी खांदा चोळला आणि बाहेर पडलो. आता मी घड्याळ लावून वाजवतो. तीन तास झाले की दिवा काही म्हणो, मी गाशा गुंडाळतो.

गेल्या रविवारी शेजारी नातवाचं बारसं होतं. मला निमंत्रण होतं ते ॲम्प्लिफायरसकट, पाळणा म्हणणाऱ्या आजींचा आवाज आता मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही म्हणून. मी पाळण्याशेजारी जागा बघून सगळं जोडलं. आजींनी माइक हातात घेतला, घसा खाकरला. तेवढ्यात सौ. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत माझ्यापाशी आली.

"अहो, आपला वरवंटा कुठाय? सगळं घर पालथं घातलं. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करायला वरवंटा नको का? या लोकांकडे नुसता मिक्सर आहे."

मी खाली वाकलो. मागचं झाकण उघडलं आणि बनियनसकट तिच्या हातात दिला.

तिने एकदा वरवंट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सगळ्यांसमोर ती काही बोलली नाही. बनियन माझ्या अंगावर टाकलं, वरवंट्याला कुंची घातली, कुंकू लावलं आणि निघून गेली. पाळण्याखालून वरवंटा इकडून तिकडे जाऊ लागला, आजी गाऊ लागल्या, आणि मी पूर्ण वेळ ॲम्प्लिफायरला मागून दोन्ही हातांनी धरून उकिडवा बसलो होतो. दिवा हिरवा होता.