खुलासा: ‘हेल्परला आघाडीवर पाठवत नाहीत’ हे खोटं आहे

‘रशियन सैन्यात हेल्परची नोकरी, पंधरा दिवसांचं ट्रेनिंग, आघाडीवर जायचं नाही’ असा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतोय. खोटा आहे. रशियन सैन्यात गेलेले १२ भारतीय मारले गेले, १६ बेपत्ता आहेत, असं परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्येच सांगितलं होतं.

आपल्या बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये (मराठा लाइट इन्फन्ट्रीचं ट्रेनिंग केंद्र) रिक्रूट महिनोन्‌महिने घाम गाळतो, तो उगाच नाही. साधा रक्त थांबवायचा पट्टा घ्या. जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, करकचून बांधायचा. पट्ट्यातली दांडी रक्त थांबेपर्यंत पिळायची आणि वेळ लिहायची. न शिकलेला माणूस दुखतंय म्हणून सैल सोडतो. मांडीची धमनी तुटली असेल तर जीव काही मिनिटांत जातो.

एका जागी गर्दी करायची नाही, हेही शिकवावं लागतं. युक्रेनमधल्या, रशियाच्या ताब्यातल्या मकीवका शहरात १ जानेवारी २०२३ ला सक्तीने भरती केलेले रशियन सैनिक एकाच इमारतीत होते. युक्रेनच्या रॉकेट हल्ल्यात, रशियाच्याच आकड्यानुसार, ८९ मेले. मोबाइलच्या वापरामुळे जागा कळली, असं रशियाचं म्हणणं.

एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर (परदेशी नोकरीसाठीची भारत सरकारची वेबसाइट) नोंदलेला आहे का, ते आधी बघा. टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणाला तर पासपोर्ट हातात देऊ नका. न कळणाऱ्या रशियन कागदावर सही तर नकोच.