"हिटलरला युद्ध नकोच होतं" म्हणे!

तो मेसेज परत फिरायला लागलाय. हिटलरने जर्मनीची इकॉनॉमी उभी केली, त्याला फक्त डान्झिग (पोलंडलगतचं, बहुतांश जर्मन वस्तीचं बंदर) हवं होतं, ब्रिटनने उगाच नाक खुपसून युद्ध पेटवलं वगैरे. काल मामांनी पण पाठवला, म्हटलं आता लिहूनच टाकू.

आधी डान्झिग. २३ मे १९३९ ला हिटलर स्वतः आपल्या सेनापतींना सांगतोय की प्रश्न डान्झिगचा नाहीच, आपल्याला पूर्वेकडे जागा हवीय, धान्याची सोय हवीय, आणि हे टिपून ठेवणारा त्याचाच लष्करी सहायक, कोणी इंग्रज नव्हे. पोलंडवरच्या हल्ल्याचा प्लॅन 'फॉल वाइस', त्यात ३ एप्रिललाच लिहिलंय की १ सप्टेंबरपासून कधीही सुरू करता आलं पाहिजे. मग ऑगस्टमधली ती बोलणी कसली, नुसता टाइमपास.

आता कोणी म्हणेल ब्रिटनने ३१ मार्चला पोलंडला संरक्षणाची हमी दिली म्हणून तो भडकला. पण हमी का दिली? कारण सुडेटनलँड (चेकोस्लोव्हाकियातला जर्मन वस्तीचा पट्टा) घेताना 'युरोपातली ही माझी शेवटची मागणी' असं भाषण ठोकून सहा महिन्यांत, १५ मार्चला, याच्या फौजा प्रागमध्ये! तिथे तर चेक लोक, म्हणजे 'जर्मनांना एकत्र आणतोय' हे कारण पण गेलं. आणि चार वर्षांत सैन्य लढायला अन् अर्थव्यवस्था युद्धाला तयार पाहिजे, हे त्याने १९३६ लाच लिहून ठेवलेलं, तेव्हा कुठली हमी होती?

इकॉनॉमीचं तर बोलूच नका. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे राइशबँकेचा, अध्यक्ष शाख्त. त्याने 'मेफो' नावाची कागदावरची कंपनी काढली, शस्त्रं बनवणाऱ्यांना तिच्या हुंड्या दिल्या, मागे राइशबँक उभी. साधारण १२ अब्ज मार्कांचा हा उद्योग आणि बजेटमध्ये दिसायचा नाही. जानेवारी १९३९ मध्ये बँकेने लेखी कळवलं की हा खर्च झेपणार नाही, तर शाख्तलाच घरी पाठवलं. (ऑटोबान, म्हणजे ते जर्मन महामार्ग, त्यानेच आणले म्हणाल तर कोलोन-बॉन रस्ता १९३२ चा, हिटलरच्या आधीचा.)

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा तह कडक होता, मान्य. व्हाइसरॉय लिनलिथगोने भारताला न विचारता युद्धात ढकललं हेही खरं, तो राग मलाही आहे, पण त्याने पोलंडवर पहिला गोळा कोणी टाकला ते बदलत नाही.

आणि मामा, तुमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते ४८ जे पाचेक हजार पोलिश लोक राहिले ना, ते हिटलर आणि स्टालिनने २३ ऑगस्ट १९३९ च्या गुप्त करारात त्यांचा देश आपसात वाटून घेतला, पुढे स्टालिनने त्यांना सायबेरियाकडे हाकललं, म्हणून इथवर आले. डान्झिगसाठी नाही.