प्रवाळ बघायला निघालात? पैसे वसूल करूनच या

रात्रभर गाडी हाकून पुण्याहून मालवण गाठायचं, होडीवाल्याशी शंभर रुपयांसाठी हुज्जत घालायची आणि पाण्यात उतरून प्रवाळ नुसतं बघायचं? छे! 1987 पासून मालवणचा हा समुद्र सागरी अभयारण्य आहे, हे सरकारी कागदावर. आपण पैसे मोजलेत.

सनस्क्रीन उडी मारायच्या मिनिटभर आधी थापा, म्हणजे ते अंगावर न टिकता थेट समुद्रात जाईल. बाटलीवर ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्झेट ही प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं वाचलीत तर निश्चिंत राहा. हवाईत 2021 पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे, पण हवाईवाल्यांना काय कळतंय? लांब बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट घातला तर क्रीम फक्त तोंडाला आणि मानेला लागतं. मग फोटोत दंड कसे दिसणार?

पाण्यात आडवं तरंगायचा सराव पुण्यातल्या तलावावर आधी करून जाणं हे भित्र्यांचं काम. तुम्ही उभे राहून सायकल मारल्यासारखे पाय मारा. तळाचा गाळ उठतो, प्रवाळावर बसतो, आणि ते इवले जीव चिकट स्राव सोडून तो झटकण्यातच ताकद घालवतात. दमलात तर खुशाल त्यांच्यावरच उभे राहा. दिसायला खडक, प्रत्यक्षात चुन्याच्या सांगाड्यावर बसलेली जिवंत वसाहत. गोलसर जातींची वाढ वर्षाला काही मिलिमीटर. टाचेखाली मोडलेलं भरून यायला नातवंडं म्हातारी होतील, पण ती त्यांची अडचण.

माशांना बाकरवडी घाला. ते घोळक्यानं येतील, व्हिडिओ झकास होईल. शेवाळ खाणाऱ्यांना आयतं मिळालं की शेवाळ प्रवाळावर चढतं. चढू दे.

एखादं पांढरंफटक प्रवाळ दिसलं तर ‘किती स्वच्छ!’ म्हणून टाका. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभर वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं, त्याला अन्न पुरवणारं शैवाल बाहेर टाकतं. थोडक्यात, ते उपाशी आहे. तुम्ही मात्र पुढच्या पापलेट थाळीचं बघा.

शेवटी शोकेससाठी एक फांदी तोडून आणाच. गगनबावड्याच्या वळणांवर, काचा बंद, एसी चालू, तेव्हा आतले मेलेले जीव कुजून जो वास सुटतो, तो गाडीतून आठवडाभर जात नाही. शिवाय वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ वाघाच्या पंगतीला आहे: 3 ते 7 वर्षं कैद, दंड किमान 25,000 रुपये. होडीवाल्याशी केलीत तशी घासाघीस तिथेही करून बघा.