गुडघ्याखालचा बिंदू दाबला म्हणून गोळी सोडू नका

आठवडाभर सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘डॉ. कोटणीसांनी चीनहून आणलेली विद्या! गुडघ्याखाली चार बोटांवरचा बिंदू पाच मिनिटं दाबा. मोटिलिन हार्मोन वाढतं, आतडी धावू लागतात, पोट साफ. शुगरवाल्यांनाही गोळीची गरज नाही.’ माझ्या आत्याने तो वाचून दोन दिवस मधुमेहाची गोळी घेतली नाही. म्हणून लिहितोय.

आधी कोटणीस. आपल्या गावचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. परत आलेच नाहीत, तर विद्या आणली कधी? त्याच पथकातले डॉ. बी. के. बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर, म्हणजे ठरावीक बिंदूंवर सुया टोचण्याचा उपचार, शिकून आले. कोटणीसांचं नाव असं कशालाही चिकटवलेलं बघून जीव तुटतो.

आतडी धावण्याचं म्हणाल तर त्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो मी नाकारणार नाही. भूल दिलेल्या उंदरांच्या मागच्या पायाला सुई टोचली की जठराची हालचाल वाढते, पोटावर टोचली की मंदावते. व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा मज्जातंतू, कापली, तर पायाच्या सुईचा परिणाम जातो. म्हणजे निरोप मज्जातंतूंमार्फत जातो. माणसांवरची मोठी चाचणी चीनमधली, २०१६ साली प्रसिद्ध झालेली: जुनाट, तीव्र बद्धकोष्ठतेचे १,०७५ रुग्ण. सुयांमधून सौम्य वीजप्रवाह दिलेल्यांपैकी ३१.३ टक्क्यांना आठवड्याला सरासरी तीनदा तरी नीट शौचाला होऊ लागलं. नावापुरत्या सुया टोचलेल्या गटात १२.१ टक्क्यांना. फरक खरा आहे. पण त्यासाठी आठ आठवड्यांत २८ बैठका लागल्या, आणि बऱ्याचशा सुया पोटावर होत्या. अंगठ्याने पाच मिनिटं दाबण्याशी याचा काय संबंध?

मोटिलिन हे लहान आतड्याच्या वरच्या भागातून स्रवणारं हार्मोन. उपाशीपोटी साधारण दीड-दोन तासांनी पोट झाडून काढणारी लाट येते, तिला ते चालना देतं. आता गंमत नव्हे, गंभीर गोष्ट: उंदरांमध्ये मोटिलिनचं जनुकच उरलेलं नाही. त्यामुळे ‘उंदरांत मोटिलिन वाढलं’ असा दाखला कुणी दिला, तर तो तिथेच थांबवा.

गोळी बंद करण्याचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की व्हेगस नर्व्हला इजा होऊ शकते आणि जठर उशिरा रिकामं होऊ लागतं. वाढलेली शुगर स्वतःही जठराला मंद करते. म्हणजे गोळी सोडून बिंदू दाबणाऱ्याचं पोट आणखी जड होऊ शकतं. शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला, त्यांनी आज त्याच ग्रुपवर एवढंच लिहावं: मधुमेहाची गोळी बंद करू नका.